सॅकमधली कुऱ्हाड आधी बाहेर काढा

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी नाशिकला पोस्टात नोकरी करते. वय ३८, वजन ५८ किलो, गुडघे बरे म्हणावेत असे. मुलगा लहान होता तोवर डोंगर सुटला होता. आता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघी मैत्रिणी रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवस, दोन रात्रींचा ट्रेक करणार आहोत. कात्राबाई खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई. अडीअडचणीला असावी म्हणून धाकट्या दिरानं व्हिडिओ बघून मला एक ‘सर्व्हायव्हल बॅग’ भरून दिली आहे. त्यात ४३ वस्तू आहेत : कुऱ्हाड, तारेची करवत, मोठा सुरा, मासे पकडायचा गळ, चकमक, तीस मीटर दोरी, तंबू, ब्लँकेट, सोलर पॅनल, सहा डबाबंद भाज्या वगैरे. पाणी न धरता वजन १४ किलो. ती पाठीला लावून आमच्या इमारतीचा जिना चढले, तर तिसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. काय ठेवू, काय काढू? मला थायरॉइडची गोळी चालू आहे.

आणखी एक. माझं माहेर चिपळूणचं. पुराच्या वेळी आई-बाबांना हीच बॅग उपयोगी पडेल का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

जिन्यातच बसावं लागलं हे फार बरं झालं. कात्राबाईच्या चढावर बसायची वेळ आली असती तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं असतं.

दिरांची कळकळ खरी आहे, पण त्यांनी पाहिलेले व्हिडिओ आपल्या डोंगरांचे नाहीत. ते कॅनडाचे, अलास्काचे, नाहीतर नॉर्वेचे. तिथे दिवसदिवस चाललं तरी माणूस भेटत नाही, लाकूड मुबलक, आणि मदत कधी येईल याचा भरवसा नाही. तिथल्या माणसानं कुऱ्हाड घेऊन फांद्यांची झोपडी बांधली तर तो शहाणा. तुमची वाट मात्र जवळजवळ सगळी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. तिथे झाड तोडणं किंवा गळ टाकणं हा गुन्हा आहे, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे त्याची गरजही नाही. उजेड असेल आणि पाय धड असतील तर या वाटेवर कुठूनही काही तासांत एखादी वाडी गाठता येते. तुम्हाला जंगलात राहायचं नाहीये, अडकलात तर एक रात्र काढायची आहे. फार तर रात्र आणि पुढचा दिवस.

तेव्हा ४३ वस्तू पलंगावर मांडा आणि एकेक हातात घेऊन स्वतःला विचारा : अंधार पडलाय, वाट चुकलीय, घामानं कपडे ओले आहेत, वारा सुटलाय, अशा वेळी ही वस्तू सकाळी सातपर्यंत माझ्या काय कामाची? कुऱ्हाड, करवत, सुरा, गळ आणि सोलर पॅनल इथेच बाद होतात. रात्री सोलर पॅनलचं काय करणार, हा प्रश्न दिरांनाही विचारून बघा. सुऱ्याऐवजी भाजी चिरायची छोटी सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून घ्या, तेवढी पुरते. डबाबंद भाज्यांमध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं आणि पत्र्याचं वजन वेगळं, म्हणजे पाणीच उचलायचं तर ते बाटलीतून उचललेलं बरं. चकमकीच्या जागी दोन साधे लायटर, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पुड्यांत. तीस मीटर दोरीतली दहा मीटर ठेवा, तीही मेणकापड बांधायला. या दोरीवर लटकून कुणीही कुठेही उतरायचं नाही, हे चौघींनी आधीच ठरवून टाका.

तंबूचा विचार थोडा वेगळा. रतनगडावर रत्नुबाईच्या गुहेशेजारी मुक्कामाची गुहा आहे, हरिश्चंद्रगडावर मंदिराच्या परिसरात लेणी आहेत. पण डिसेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे गडांवर जत्रा असते, गुहेत पाय ठेवायला जागा मिळेलच असं नाही. हरिश्चंद्रगडावर पाचनईची मंडळी झुणका-भाकरीबरोबर तंबूही भाड्यानं देतात. आधी फोन करून ठरवून टाका, तुमचा तंबू घरी राहू द्या. त्याऐवजी तीन मीटर बाय दोन मीटरचं जाडसर मेणकापड घ्या. ते पाऊणएक किलोच्या आत बसतं आणि चौघींना पुरतं. गुहेत ओल असेल तर खाली अंथरा, उघड्यावर अडकलात तर अंगावर ओढा.

आता थंडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या यादीत थंडीवर एक ब्लँकेट सोडलं तर काहीच नाही. आपल्याकडे गारठून माणूस मरतो हे लोकांना पटत नाही; सह्याद्री म्हणजे काय हिमालय आहे का, म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये याच हरिश्चंद्रगडावर तोलार खिंडीच्या बाजूला पुण्याहून आलेले तरुण धुक्यात वाट चुकले आणि पाऊस-गारठ्यानं त्यांच्यातला एक जण दगावला. तिथे बर्फ नव्हता, उणे तापमानही नव्हतं. ओले कपडे, वारा, रिकामं पोट आणि अंगातली संपलेली ताकद, एवढं पुरतं. डिसेंबरात पाऊस बहुधा नसतो (अवकाळीचं काही सांगता येत नाही, तरी), पण दिवसभरच्या चढानं पाठ घामानं भिजलेली असते, रात्री गडावर पारा एक आकडी होऊ शकतो आणि पहाटे दव पडतं. सुती कपडा भिजला की वाळता वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. डोंगरातले धनगर खांद्यावर घोंगडी टाकून हिंडतात ते उगीच नाही. लोकर भिजली तरी ऊब धरते. घोंगडी उचलायला आपल्याला जड, म्हणून तिचंच काम हलक्या वस्तूंकडून करून घ्यायचं.

रात्रीच्या कपड्यांचा एक जोड वेगळा काढा : लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर, पूर्ण बाह्यांचा बिनसुती टी-शर्ट, जाडसर पँट, लोकरीचे मोजे, माकडटोपी. हा जोड कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत घालून, तोंडाला गाठ मारून सॅकच्या तळाशी. दिवसा कितीही गार वाटलं तरी तो काढायचा नाही. मुक्कामाला पोहोचलात की बसायच्या आधी, चहाच्याही आधी, घामाचे कपडे बदलायचे. माकडटोपी घातल्यावर फोटो चांगले येत नाहीत हे मान्य. ब्लँकेट काढून स्लीपिंग बॅग घ्या. विकत घ्यायचीच असं नाही, नाशिकमध्ये एखाद्या ट्रेकिंग ग्रुपकडे भाड्यानं मिळेल. आणि कॅरीमॅट, म्हणजे गुंडाळायची फोमची चटई, चौघींची चार. थंडी वरून लागते असं वाटतं, पण बसल्या जागी ती खालच्या कातळातून जास्त चढते.

चंदेरी पातळ चादर मिळते, घडी केली की रुमालाएवढी, वजन साठ ग्रॅमच्या आसपास. तीही प्रत्येकीकडे एक हवी. मात्र ती नुसती पांघरून वाऱ्यात बसलात तर फडफडून फाटेल आणि काही उपयोग होणार नाही. अडकलात तर रात्र काढायची पद्धत अशी : वारा लागणार नाही असा खडकाचा आडोसा शोधा. वरून दगड येण्यासारखी जागा नको, ओढ्याचं पात्र नको, खडकाच्या कपारीत मोहोळ नाही ना हे उजेड असतानाच बघा. कॅरीमॅटची घडी घालून तिच्यावर बसा, पाठ आणि खडक यांच्यामध्ये पाण्याची रिकामी बाटली किंवा गवताचा भारा सरकवा. कोरडे कपडे अंगात. त्यावर चंदेरी चादर अंगालगत गुंडाळायची, आणि तिच्यावर जॅकेट किंवा रेनकोट, म्हणजे वाऱ्याला ती पकडता येत नाही. सॅक रिकामी करून तिच्यात दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत घाला. चौघी एकमेकींना चिकटून बसा, जिला जास्त थंडी वाजतेय ती मध्ये. सगळ्यांवरून मेणकापड ओढून त्याच्या कडा बुडाखाली दाबा, नाकापुढे फट ठेवा. झोप फारशी लागणार नाही, पण सकाळी चालता येईल.

कुणी कुडकुडत असेल तर घाबरू नका, शरीर ऊब तयार करतंय. जीभ अडखळायला लागली, बटण लावता येईना, ‘मला इथेच झोपू द्या’ अशी भाषा सुरू झाली, की मात्र गंभीर. कुडकुडणं थांबलं पण माणूस भानावर नाही, तर त्याहून वाईट. अशा मैत्रिणीचे ओले कपडे उतरवून तिला स्लीपिंग बॅगमध्ये घाला, दोघींनी दोन्ही बाजूंनी ऊब द्या, गिळता येत असेल तर कोमट गोड पाणी घोट घोट पाजा. ब्रँडीचा घोट द्यायचा सल्ला आजही लोक देतात. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली ऊब बाहेर पडते, फक्त गरम वाटतं. तो सल्ला कानाआड करा.

आता जे व्हिडिओत सापडत नाही ते सांगतो. लोक सॅक पाठीवर असताना फारसे हरवत नाहीत. ते हरवतात सॅक गुहेत टाकून बाहेर पडल्यावर. पाणी आणायला टाक्यावर गेलो, सूर्यास्ताला कोकणकड्यावर गेलो, रतनगडाच्या नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) जरा बसून येऊ म्हटलं, आणि परतताना धुकं किंवा अंधार. सगळी जय्यत तयारी गुहेत, आणि माणूस टी-शर्टवर बाहेर. म्हणून अडचणीच्या वस्तू सॅकमध्ये ठेवायच्याच नाहीत. त्यांच्यासाठी कमरेला बांधायची छोटी पिशवी घ्या आणि ती फक्त झोपताना सोडा. तिच्यात हेडटॉर्च, जादा सेल, शिट्टी, चंदेरी चादर, एक काळी पिशवी, लायटर, ओआरएसची दोन पाकिटं, मूठभर चिक्की, क्रेप बँडेज, स्वतःच्या गोळ्या आणि एक कागद. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण किलोच्या आत बसतं. तुमच्या १४ किलोंच्या बॅगेतली खरी ‘सर्व्हायव्हल बॅग’ म्हणाल तर एवढीच. बाकीचा ट्रेकचा सामान्य संसार.

या पिशवीतल्या दोन वस्तू तुमच्या ४३ च्या यादीत नाहीत, हे मला गंमतीचं वाटलं : शिट्टी आणि जादा सेल. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो. जवळजवळ तेरा तासांची रात्र. मोबाइलच्या टॉर्चवर विसंबलात तर टॉर्च आणि फोन दोन्ही एकदमच जातील. शिट्टी तर दहा-पंधरा ग्रॅमची. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला ताकद लागत नाही आणि दरीत ती लांब जाते. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. मदतीसाठी डोंगरात ही खूण अनेक देशांत चालते. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात. टॉर्चच्या उघडझापीलाही हाच हिशेब. चौघींनी गंमत म्हणून शिट्ट्या वाजवत सुटू नका, खरी वेळ आल्यावर कुणी लक्ष देणार नाही.

कागदावर चौघींची नावं, रक्तगट, घरचे दोन नंबर, ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन क्रमांक लिहून घ्या. बॉलपेननं लिहा, जेल पेनची शाई ओलीत पसरते. या केंद्रामार्फत जवळच्या गिर्यारोहकांचं पथक निघू शकतं. ती मंडळी स्वयंसेवक असतात, आणि ठिकाण जितकं नेमकं सांगाल तितकी लवकर पोहोचतात. ‘जंगलात कुठेतरी’ हे ठिकाण नव्हे. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, अडकलात की अक्षांश-रेखांशाचे आकडे मेसेजनं पाठवा. बोलणं होत नसलं तरी मेसेज कधी कधी निसटून जातो. कात्राबाईच्या पट्ट्यात रेंज येते-जाते, म्हणून फोन एरवी फ्लाइट मोडवर आणि थंडीत अंगालगतच्या खिशात. ११२ ला दुसऱ्या कंपनीची रेंज असली तरी फोन लागू शकतो, हे लक्षात असू द्या.

एक व्हिडिओतला सल्ला मात्र मुळासकट विसरा, कारण तो आपल्याकडे जीव घेतो : ‘वाट चुकलात तर ओढ्याच्या कडेनं खाली उतरा, गाव लागतं.’ सह्याद्रीत ओढ्याच्या कडेनं उतरलात तर पुष्कळदा कडा लागतो. पावसात जिथे धबधबा पडतो तिथेच डिसेंबरात कोरडी नाळ असते, सुरुवातीला पायऱ्यांसारखी सोपी दिसते, मग एक उडी मारावी लागते, मग दुसरी. तिसऱ्या टप्प्याला खाली पोकळी आणि वर चढता येत नाही. चुकल्याची शंका आली की थांबा, पाणी प्या, आणि शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत मागे या : दगडावर दगड रचलेला असेल, रंगवलेला बाण असेल, मळलेली वाट असेल. कारवीच्या रानात ढोरवाटा इतक्या फुटतात की सगळ्याच खऱ्या वाटतात. आणि साडेपाच वाजून गेले असतील तर शोधाशोध बंद, उजेडात आडोसा गाठायचा.

खरं तर या वाटेला रतनवाडीतून वाटाड्या घ्याच. तिथल्या महादेव कोळी, ठाकर मंडळींना ही खिंड परसासारखी माहीत असते. पैसे योग्य द्या, जेवण आपल्यातलं द्या. दुसऱ्या दिवसाचा पल्ला लांबलचक आहे. कुमशेतला चार वाजले तर गड गाठायचा हट्ट सोडून गावातच कुणाच्या ओसरीवर मुक्काम करा. चौथा दिवस रजेत धरून ठेवला असेल तर हा निर्णय घेणं सोपं जातं. पोस्टातली रजा आधीच टाका.

पाण्याचं. प्रत्येकी तीन लिटरची सोय हवी, म्हणजे तीन किलो, सॅकमधलं सगळ्यात जड सामान हेच. स्टीलची बाटली घरी ठेवा; मिनरल वॉटरच्या एक लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या मिळून शंभर ग्रॅमही भरत नाहीत. रतनगडावर प्यायचं टाकं कोणतं ते वाटाड्याला विचारूनच भरा, आणि सकाळी निघताना तिन्ही भरून निघा. जानेवारी जवळ आला की वाटेतले झरे दगा द्यायला लागतात. टाक्यातलं पाणी स्वच्छ दिसलं तरी सुती पंचाच्या चार पदरांतून गाळा, मग क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकून अर्धा तास थांबा. प्रमाण पाकिटावर असतं तेच, अंदाजपंचे नको. स्टोव्ह असेल तर खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवलं तरी चालतं. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच. ‘कडक’ करून अर्ध्या लिटरमध्ये घालण्याचा प्रकार मी पाहिलाय, त्यानं फायद्याऐवजी त्रास होतो. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा.

खाण्याचं तुम्हाला मी काय सांगणार! दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. तीन दिवस टिकतात. सातूचं पीठ आणि गूळ जरूर न्या, चूल पेटवायला नको की स्टोव्ह नको, पाण्यात कालवलं की झालं. त्याखेरीज प्रत्येकीच्या सॅकमध्ये पाव किलो शेंगदाणा चिक्की आणि थोडा खजूर वेगळ्या पुडीत, पुडीला चिकटपट्टी. अडकलात तर गोष्ट वेगळी, एरवी ही पुडी परतीच्या गाडीत बसेपर्यंत फोडायची नाही. चिक्कीच्या शंभर ग्रॅमला साधारण पाचशे उष्मांक मिळतात, वजनाच्या मानानं हे भरपूर. स्टोव्ह चौघींत एकच. आणि शेकोटीचा मोह टाळा : डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीनं डोंगर पेटतो, शिवाय कड्याखालून धूर वर गेला तर आग्या मोहोळ उठतं. अत्तर, डिओही नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड-मान ओढणीत गुंडाळून तिथून लांब पळायचं. लपून बसलात तर त्या सापडतील तितकं चावतात.

औषधं थोडकीच. चार इंची क्रेप बँडेज दोन, गॉझ, जखमेवर लावायचं आयोडीनचं मलम, कागदी चिकटपट्टी (टाचेला लाल चट्टा दिसला की लगेच लावा, फोड आल्यावर नव्हे), काट्यासाठी चिमटा, सेफ्टी पिना, पॅरासिटॅमॉल, अ‍ॅलर्जीची गोळी, सॅनिटरी पॅड. पॅड मोठ्या जखमेवर दाबून धरायलाही उत्तम. तुमची थायरॉइडची गोळी एखाद-दोन दिवस चुकली तर आभाळ कोसळणार नाही, पण मैत्रिणींत कुणाला दमा, मधुमेह, फिट्स असतील तर आत्ताच विचारा. तिचा पंप किंवा गोळ्या कुठे आहेत हे चौघींनाही माहीत हवं, आणि दोन दिवसांच्या जादा हव्यात. साप चावल्यास कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, उचलून गावात आणि तिथून गाडीनं राजूर किंवा अकोले या तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात.

आता वजन मांडून बघा. रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट दीड, रात्रीचे कपडे आणि रेनकोट एक, खाणं दीड, कमरेची पिशवी पाऊण, चौघींत वाटलेलं मेणकापड-स्टोव्ह-औषधं-पॉवर बँक अर्धा. पावणेसात किलो. त्यात पाणी तीन, म्हणजे पावणेदहा. अंगाच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त पाठीवर नको हा डोंगरातला ढोबळ हिशेब; तुमच्या ५८ किलोंना साडेअकरापर्यंत मुभा आहे. उरलेल्या जागेत आणखी काही भरू नका.

निघण्याआधी एका रविवारी ही सॅक अशीच, पाण्यासकट, रामशेजला चढवा आणि उतरवा. पट्टा कुठे काचतो, बूट कुठे चावतात ते तिथेच कळेल. घरी दिवे मालवून कमरेच्या पिशवीतून नुसत्या हातानं हेडटॉर्च काढून बघा. पहिल्या प्रयत्नात शिट्टी किंवा चिक्की हातात आली तर पिशवीतली मांडणी बदला.

चिपळूणचं वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा अनेकांनी ते तास घराच्या वरच्या मजल्यावर किंवा छपरावर काढले. म्हणजे तिथली बॅग पळून जाण्याची कमी आणि वर चढून बसण्याची जास्त. तुमची सॅक जशीच्या तशी द्यायला नको. स्लीपिंग बॅग, स्टोव्ह काढा. त्याऐवजी आई-बाबांच्या रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या पंधरा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चष्म्याची जुनी जोडी. आधार, पासबुक, घराच्या कागदांच्या प्रती दुहेरी प्लॅस्टिकमध्ये. दहा-वीस-शंभरच्या नोटा, कारण पुरानंतर एटीएम आणि फोन दोन्ही बंद असतात. सेलवर चालणारा छोटा रेडिओ. हेडटॉर्च, शिट्टी, मेणकापड, कोरडा जोड. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही ही पुरातली खरी पंचाईत, म्हणून पाच-पाच लिटरचे दोन कॅन बॅगेशेजारी, भरलेलेच, दर पंधरवड्याला पाणी बदलून.

बॅग पलंगाखाली किंवा कपाटाच्या तळाशी नको, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या खुंटीला. आणि बाबांना ती उचलता यायला हवी. त्यांना न पेलणारी बॅग एकच करण्यापेक्षा पाच-पाच किलोंच्या दोन करा, एक त्यांची, एक आईंची, गोळ्या आणि पैसे दोन्हींत वाटून. मे महिन्यात माहेरी जाल तेव्हा सेल बदला आणि गोळ्यांवरच्या तारखा बघून घ्या.